वेगवान पाय, हलकी बॅट: राखीव आउटफिल्डरचा करार कसा जोखावा

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा करारमदार उरकण्याचा काळ. बड्या खेळाडूंच्या बातम्या ओसरल्या की एक ठरावीक बातमी येतेच: आपल्या संघाने एक राखीव आउटफिल्डर (मैदानाच्या मागच्या भागात उभा राहणारा क्षेत्ररक्षक) घेतला, पळतो वाऱ्यासारखा, पण बॅट लागत नाही. ठाणे-नवी मुंबईत बेसबॉल बघणारे थोडे, पण जे आहेत ते अशा बातमीवर तावातावाने बोलतात. एक म्हणतो, ‘इतका वेग फुकट मिळत असेल तर घ्यायलाच हवा.’ दुसरा म्हणतो, ‘२१० ची बॅटिंग, हा कशाला हवा?’ दोघेही पाय आणि बॅट यांवरच भांडतात, आणि ज्यावर निकाल ठरतो तो ग्लोव्ह बाजूलाच राहतो. अशा खेळाडूच्या बॅटची तूट एकटे पाय जवळजवळ कधीच भरून काढत नाहीत. ती भरते क्षेत्ररक्षणातून. हे धावांत मोजता येतं. कसं, ते पुढे.

आधी जागा मोजा

संघात एका वेळी २६ खेळाडू, त्यात पिचर (चेंडू फेकणारे) जास्तीत जास्त १३. उरलेल्या १३ पैकी डेझिग्नेटेड हिटर (पिचरऐवजी फक्त बॅटिंग करणारा) धरून ९ नियमित. म्हणजे बाकावर चारच. त्यातला एक दुसरा कॅचर (बॅटरमागे बसून पिचरचा चेंडू घेणारा), तो सोडता येत नाही. एक इनफिल्डमध्ये सगळीकडे उभा राहू शकणारा. राहिल्या दोन जागा, आणि आपला वेगवान गडी त्यातली एक घेणार. म्हणून पहिला प्रश्न ‘हा चांगला का वाईट’ असा नसतो. ‘याच्यामुळे कोण बाहेर जातो’ हा असतो. बाहेर जाणारा बऱ्यापैकी मारणारा डावखुरा असेल तर वादाला अर्थ आहे. बाहेर जाणाराही तितकाच हलका आणि वर संथ असेल तर वाद कशाचा?

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाची इथे एक गफलत होते. क्रिकेटमधला बदली क्षेत्ररक्षक बॅटिंग करत नाही आणि मूळ खेळाडू परत येऊ शकतो. बेसबॉलमध्ये तसं नाही. बदली आलेला माणूस बॅटिंगच्या क्रमात त्याच जागेवर बसतो आणि बाहेर गेलेला त्या सामन्यात परत येत नाही. आठव्या इनिंगला संघाचा सर्वात जोरकस हिटर काढून त्याच्या जागी पळणारा आणला आणि सामना अकराव्या इनिंगपर्यंत गेला, तर निर्णायक क्षणी बॅट याच्याच हातात येते. बाकावरच्या वेगाची खरी किंमत ही.

२०२२ पासून दोन्ही लीगमध्ये डेझिग्नेटेड हिटर आला. पिचरच्या जागी बॅटिंगला माणूस पाठवण्याची गरज संपली, त्यामुळे बाकावर निव्वळ मारणारा ठेवण्याची निकडही कमी झाली. वेगवान गड्याच्या बाजूने बोलायचं असेल तर हा मुद्दा आधी मांडा. तो बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

चार आकडे, एक हिशेब

.२१० ही बॅटिंगची सरासरी क्रिकेटच्या सरासरीसारखी वाचू नका. १०० अधिकृत पाळ्यांत २१ हिट, एवढाच तिचा अर्थ. वॉकमुळे (पिचरने चार चेंडू बाहेर टाकल्याने) बेसवर पोचणं त्यात धरलेलं नाही. म्हणून ऑन-बेस टक्केवारी बघा. लीगची सरासरी .३१५ च्या आसपास असते. .२१० वाला जर .३१० ला बेसवर पोचत असेल तर तो कामाचा. .२६० ला पोचत असेल तर त्याचे पाय बहुतेक वेळ डगआउटमध्येच बसून राहणार, कारण बेस चोरणं म्हणजे हिटशिवाय पळून पुढचा बेस गाठणं, आणि पहिला बेस असा चोरता येत नाही. त्याच जोडीला स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) किती तेही बघा. चेंडू जमिनीवर लागला तर वेगवान माणूस इनफिल्ड हिट काढू शकतो, स्ट्राइकआउट झाला तर त्याचा वेग वाया.

आता हिशेब. एक नमुना खेळाडू घेऊ. त्याचा डब्ल्यूआरसी प्लस ७०, म्हणजे तो सरासरी हिटरपेक्षा ३० टक्के कमी धावा निर्माण करतो (१०० म्हणजे सरासरी). राखीव म्हणून हंगामात १२० पाळ्या मिळतील असं धरा.

बॅट: लीगमध्ये एका पाळीमागे साधारण ०.१२ धाव निघते. १२० × ०.१२ × ०.३० = ४.३. म्हणजे उणे ४.३ धावा.

चोरी: यशस्वी चोरीचे सुमारे ०.२ धाव अधिक, चोरीत बाद झाल्यास सुमारे ०.४ धाव उणे. २० प्रयत्नांत १६ यशस्वी, ४ बाद: ३.२ वजा १.६, म्हणजे अधिक १.६.

बाकी धावणं: सिंगलवर पहिल्यावरून तिसऱ्यावर जाणं, उडालेल्या चेंडूवर पुढे सरकणं. अधिक १ धाव धरा. राखीव खेळाडूला याहून फार मिळत नाही.

ग्लोव्ह: पूर्ण हंगामाच्या सुमारे १३०० इनिंगना सरासरीपेक्षा १२ झेल जास्त काढणारा असेल, तर ३०० इनिंगमध्ये जवळपास ३ झेल. आउटफिल्डमधला असा एक झेल साधारण ०.९ धावेचा. अधिक २.५.

बेरीज: उणे ४.३, अधिक १.६, अधिक १, अधिक २.५. हाती अधिक ०.८. म्हणजे हा सरासरी माणूस ठरला. मायनर लीगमधून (खालच्या स्तरावरून) सहज उचलता येणारा बदली खेळाडू १२० पाळ्यांत सरासरीपेक्षा सुमारे ४ धावा मागे असतो. त्याच्या तुलनेत आपला गडी जवळपास ५ धावांनी वर. १० धावा म्हणजे ढोबळमानाने एक विजय, तेव्हा हा अर्ध्या विजयाचा माणूस. किमान पगारात अर्धा विजय चांगला सौदा आहे.

आता ग्लोव्ह सरासरी आहे असं समजून तीच बेरीज करा. अधिक ०.८ चं उणे १.७ होतं. बॅट तीच, पाय तेच, बदललं फक्त क्षेत्ररक्षण, आणि बदली खेळाडूवरची आघाडी पाव विजयापेक्षाही खाली आली. बाकावर एवढा फरक चालून जातो. पण नियमित खेळाडूची मांडी आखडली आणि याला ५०० पाळ्या द्याव्या लागल्या तर? बॅट उणे १८. ४५ प्रयत्नांत ३६ चोऱ्या धरल्या तर अधिक ३.६, बाकी धावणं अधिक ३. ग्लोव्ह उत्तम असेल तर त्याचे जवळपास ११ मिळून तो शून्याच्या आसपास राहतो आणि सेंटर फिल्डमध्ये खपून जातो. ग्लोव्ह सरासरी असेल तर उणे ११, म्हणजे सरासरी खेळाडूपेक्षा एक विजय कमी. करार डिसेंबरमध्ये बरा वाटतो आणि जुलैमध्ये बोचतो तो इथे. म्हणून वाद घालताना १२० आणि ५०० अशा दोन्ही पाळ्यांचा हिशेब करा. नुसत्या १२० वर थांबणारा अर्धंच सांगतो.

अजून एक खाच. वरचा हिशेब सेंटर फिल्डचा आहे. त्याला डावीकडे किंवा उजवीकडे उभं केलं तर तिथे जास्त मारणारे खेळाडू सहज मिळतात, म्हणून त्याची किंमत पूर्ण हंगामाला सुमारे १० धावांनी घसरते. संघाचा सेंटर फिल्डर पक्का असेल आणि याला फक्त कोपऱ्यात खेळवणार असतील, तर ‘ग्लोव्ह चांगला आहे’ या मुद्द्याचं वजन तेवढंच कमी करा.

मैदानही बघा. डेन्व्हरचं कूर्स फिल्ड किंवा कॅन्सस सिटीचं कॉफमन स्टेडियम, दोन्हींचं आउटफिल्ड प्रशस्त, तिथे पळणाऱ्याला झेलांची संधी जास्त. बोस्टनच्या फेनवे पार्कमध्ये डावीकडे ३१० फुटांवर ३७ फूट उंच भिंत. तिथल्या लेफ्ट फिल्डमध्ये वेगाला धावायला जागाच कमी.

वेग कसा वाचायचा

स्टॅटकास्ट या मेजर लीगच्या मोजमाप यंत्रणेचा स्प्रिंट स्पीड सेकंदाला किती फूट असा असतो. लीगची सरासरी २७, म्हणजे ताशी साधारण ३० किलोमीटर. ३० फूट हा अव्वल वेग, ताशी जवळपास ३३ किलोमीटर. २८ वाल्याला ‘वेगवान’ म्हणून विकलं जात असेल तर शंका घ्या, तो सरासरीपेक्षा बरा एवढंच. मागच्या तीन हंगामांचे आकडे ओळीने बघा. तिशीच्या आसपास वेग उतरायला लागतो आणि या खेळाडूकडे दुसरं भांडवल नसतं. २९.८, २९.३, २८.७ असा उतार दिसला तर करार एकाच वर्षाचा आहे ना, ते आधी तपासा.

वेग हा पहिल्या हंगामातच भरवशाचा आकडा ठरतो, कारण प्रत्येक धावण्याचं मोजमाप होतं. झेलांचा आकडा तसा नाही. ३०० इनिंगमधल्या अधिक ४ वर विसंबू नका, दोन-तीन वर्षांची बेरीज करा. ते शक्य नसेल तर ‘जंप’ बघा: पिचरच्या हातून चेंडू सुटल्यावर पहिल्या दीड सेकंदात किती लवकर निघाला, पुढच्या दीड सेकंदात किती वेग पकडला, आणि वाट किती सरळ होती. पळायला अव्वल पण जंप वाईट, असे खेळाडू बरेच असतात. ते झेपावून झेल घेतात, टाळ्या मिळवतात, आणि तोच चेंडू चांगल्या जंपवाला उभ्याने घेतो. खांदाही विसरू नका. राइट फिल्डमधून तिसऱ्या बेसपर्यंतची फेक लांब पडते. खांदा कमकुवत असेल तर डावी बाजू चालेल, उजवी नाही.

चोरीचा हिशेब अंगवळणी पडायला एकदा मैदानावर मोजून बघा. दोन बेसमधलं अंतर ९० फूट, २७.४३ मीटर. धावणारा सुमारे १२ फूट पुढे उभा असतो, तेव्हा उरतात जवळपास २४ मीटर. पिचरने हालचाल सुरू केल्यापासून चेंडू कॅचरकडे पोचायला साधारण १.३ सेकंद, कॅचरच्या मिटमधून दुसऱ्या बेसवरच्या ग्लोव्हमध्ये जायला २ सेकंद. एकूण ३.३. अव्वल कॅचर दुसरा टप्पा १.९ मध्ये करतो. ठाण्याच्या सेंट्रल मैदानावर किंवा वाशी-नेरुळच्या एखाद्या सेक्टरच्या मैदानावर टेपने २४ मीटर आखा. खेळपट्टीच्या दोन स्टंपांतलं अंतर २०.१२ मीटर असतं, त्यापुढे साधारण चार मीटर. पावसाळ्यात चिखलात पाय रुतून आकडे फसतात, तेव्हा नोव्हेंबरनंतरची सकाळ धरा.

धावणाऱ्याने आडवं उभं राहायचं, समोर एकाने पिचरसारखा पाय उचलायचा. ‘पळ’ असा आवाज द्यायचा नाही. आवाजावर घड्याळ सुरू केलं की पिचरची हालचाल वाचण्याचा वेळ मोजणीतून निसटतो आणि आकडा खोटा चांगला येतो. मोबाइलवर सेकंदाला ६० फ्रेमने चित्रण करून पिचरने पाय उचलल्यापासून रेषा गाठेपर्यंतच्या फ्रेम मोजा आणि ६० ने भागा. २०० फ्रेम म्हणजे ३.३ सेकंद. शाळेत १०० मीटर गाजवलेला पोरगाही इथे बहुतेक वेळा चारच्या पुढे जातो, कारण आडव्या उभ्याने वळून सुटणं हे वेगळं कसब आहे. टीव्हीवरही हीच पद्धत वापरता येते: बॅटला चेंडू लागल्यापासून पहिल्या बेसवर पाय पडेपर्यंत ४.३ सेकंद सरासरी, ४.० च्या खाली अव्वल. डावखुरा बॅटर बेसच्या बाजूला उभा असल्याने त्याचा आकडा मुळातच थोडा कमी येतो. त्याची उजव्याशी थेट तुलना करू नका.

निव्वळ पळणारा कधी परवडतो

ओकलंड ए’ज संघाने १९७४ मध्ये हर्ब वॉशिंग्टन या धावपटूला फक्त पळण्यासाठी घेतलं. दोन हंगामांत १०५ सामने, बॅट एकदाही हातात नाही. ३१ चोऱ्या, १७ वेळा बाद. वरच्या दराने मांडा: अधिक ६.२, उणे ६.८. म्हणजे चोऱ्यांतून संघाला काहीच मिळालं नाही. १९७४ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये तर समोरच्या संघाचा पिचर माइक मार्शलने त्याला नवव्या इनिंगला पहिल्या बेसवरच टिपलं. वेग भरपूर होता, पिचरला वाचण्याचं शिक्षण नव्हतं.

उलट बाजूला डेव्ह रॉबर्ट्स. २००४ च्या जुलैअखेरीस बोस्टनने त्याला घेतलं. १७ ऑक्टोबरला यांकीजविरुद्ध चौथ्या सामन्यात नववी इनिंग, बोस्टन एका धावेने मागे, मालिकेत ०-३. केव्हिन मिलारला वॉक मिळाला, त्याच्या जागी रॉबर्ट्स आला. चोरी होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. यांकीजचा पिचर मारियानो रिव्हेराने पहिला पिच टाकण्याआधी तीनदा पहिल्या बेसवर फेक केली. रॉबर्ट्सने दुसरा बेस चोरला, बिल म्युलरच्या हिटवर धाव आली, आणि बोस्टनने तो सामना, मालिका आणि वर्ल्ड सिरीज जिंकली.

या चोरीमागचं गणित समजून घ्या. एकच धाव हवी असते तेव्हा हिशेब बदलतो. पहिल्यावर माणूस, कुणी बाद नाही: किमान एक धाव येण्याची शक्यता साधारण ४२ टक्के. दुसऱ्यावर गेला तर ६१. बाद झाला तर १६. फायदा १९, तोटा २६. म्हणजे १०० पैकी ५८ वेळा जमलं तरी बरोबरी. एरवी मात्र, पाचव्या-सहाव्या इनिंगला, चोरीच्या यशाचं प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास नसेल तर ती संघाचं नुकसान करते. ‘किती चोऱ्या केल्या’ असं कुणी म्हणालं की लगेच ‘किती वेळा बाद’ हे विचारा.

२०२३ च्या नियमांनी हे सगळं धावणाऱ्याच्या बाजूला झुकवलं. बेस १५ इंचांचे १८ इंच झाले, पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर साडेचार इंचांनी घटलं. पिचरला एका बॅटरमागे दोनदाच रबर (पायाखालची पट्टी) सोडता येतं किंवा बेसवर फेक करता येते, तिसऱ्यांदा तसं करून धावणारा बाद झाला नाही तर बॉक, म्हणजे धावणाऱ्याला पुढचा बेस फुकट. रिव्हेराच्या त्या तीन फेका आज अशा निर्धास्त टाकता आल्या नसत्या. लीगमधल्या चोऱ्या २०२२ च्या २४८६ वरून २०२३ मध्ये ३५०३ वर गेल्या आणि यशाचं प्रमाण ८० टक्क्यांवर पोचलं. याचा अर्थ दोन्हीकडून लावता येतो. चोरी सोपी झाली म्हणून वेगवान गडी हवा, हे खरं. पण चोरी सगळ्यांनाच सोपी झाली, तेव्हा त्याचं वेगळेपण घटलं, हेही तितकंच खरं. दुसरा मुद्दा जास्त वजनाचा आहे. ७८ टक्के यश आता काही विशेष नाही, ८५ च्या वर असेल तरच खास माना.

जादा इनिंगमध्ये दुसऱ्या बेसवर आपोआप माणूस मिळतो, तिथे वेगवान बदली पाठवता येतो. सिंगलवर दुसऱ्यावरून घर गाठण्यात त्याचा उपयोग होतो. मॅनेजर हे किती वेळा करतो ते मागच्या हंगामावरून बघा. बाकावरचा वेग वापरायचाच नाही अशी सवय असलेल्या मॅनेजरला पळणारा देऊन उपयोग नाही.

कागद वाचा

करार मायनर लीगचा आणि स्प्रिंग ट्रेनिंगच्या (हंगामाआधीच्या सरावाच्या) निमंत्रणाचा असेल तर भांडण आवरा, संघाने काहीच पणाला लावलेलं नाही. मेजर लीगचा असेल तर ४० जणांच्या यादीत जागा लागते आणि यादी भरलेली असेल तर कुणाला तरी काढावं लागतं. त्या माणसाचं नाव शोधा, खरी किंमत तीच. पगारावर डोकं तापवू नका. २०२६ चा किमान पगारच ७,८०,००० डॉलर आहे आणि हे खेळाडू त्याच्या थोडेच वर असतात.

ऑप्शन (मायनर लीगमध्ये पाठवण्याची मुभा) उरले आहेत का, हे मात्र नीट बघा. ऑप्शन असले तर त्याला एका हंगामात पाचदा खाली पाठवून परत आणता येतं. ऑप्शन संपले असतील तर खाली पाठवण्याआधी वेव्हरवर टाकावं, म्हणजे बाकी संघांपुढे खुलं करावं लागतं आणि दुसरा संघ त्याला उचलू शकतो. ऑप्शन नसलेला हलक्या बॅटचा माणूस २६ जणांतली एक जागा अडवून बसतो, आणि एप्रिलमध्ये दोन पिचर जखमी झाले की संघाची ओढाताण होते.

हंगाम सुरू झाला की मे अखेर त्याच्या पाळ्या मोजा. पूर्वेकडचे सातच्या सुमाराचे सामने आपल्याकडे पहाटे साडेचारला लागतात, ते सगळे बघणं होत नाही. पश्चिम किनाऱ्यावरचे पावणेआठच्या सुमारास, म्हणजे ठाणे-वाशी लोकलमध्ये पहिल्या दोन इनिंग होतात. आकडे मात्र कधीही बघता येतात. दोन महिन्यांत ४० च्या आसपास पाळ्या झाल्या असतील तर तो ज्या कामासाठी घेतला तेच करतो आहे. ८० च्या पुढे गेल्या असतील तर ५०० पाळ्यांचा हिशेब पुन्हा काढा, त्यात त्याच्या या वर्षीच्या झेलांचा आकडा घाला आणि जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला संपणाऱ्या अदलाबदलीच्या मुदतीआधी दुसरा सेंटर फिल्डर कुठून मिळेल यावर बोला.